नंबर भिंतीकडे

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी खालच्या न्हाव्याने दिली. कुठल्याशा औषध कंपनीची, गेल्या वर्षीची, त्याच्या दुकानात कोरी पडून होती. म्हणाला, माझ्या कानाशी जे बडबडतोस ते ह्यात बडबड, गिऱ्हाइकं पळतात माझी. वार जुळत नाहीत, ते मी खोडून नवे घालीन. शाळा सहावीपर्यंत झाली, पण खाणीच्या फाटकावर पाळीची नोंद मीच लिहायचो, त्यामुळे लिहायला भीत नाही. बाकी सगळ्याला भितो.

आज ठरवलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. वाळवंटाचं अभयारण्य मार्चअखेरीस उन्हासाठी बंद करतात. त्याच्या आत मी तिथे जाणार आणि माझा मुलगा सापडला त्या खडकापर्यंत पायी जाऊन येणार. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. रात्री राहू देत नाहीत.

गेल्या मार्चमध्ये तो एकटा तिथे चालायला गेला आणि वाट चुकला. शोधायला गाडी निघाली ती तिसऱ्या दिवशी, कारण फाटकावरच्या माणसाने पहिल्या संध्याकाळी सगळे परत आले असं सांगून कुलूप लावलं. मी त्याच्यावर तक्रार केली. त्याला फाटकावरून उठवलंय आणि आता चौकशीत नोकरीही जाईल, असं ऐकतो. जाऊ दे. मार्चमध्ये चौकशीचे साहेब माझा जबाब घेणार आहेत. ते विचारतील, त्याच संध्याकाळी गाडी निघाली असती तर मुलगा जिवंत सापडला असता का? मी म्हणणार, सापडला असता. पण जागा बघितल्याशिवाय कुठल्या तोंडाने म्हणू?

गुडघे आत्तापासून कुरकुरतायत.

९ जानेवारी, गुरुवार

अभयारण्याच्या कचेरीला फोन केला. बाईने नियम सांगितले. पासष्टच्या वरच्यांना डॉक्टरची चिठ्ठी हवी, बरोबर एक धडधाकट माणूस हवा. माणशी पाच लिटर पाणी. टोपी, पूर्ण बाह्या, घोट्याच्या वर येणारे बूट. साप विचारला तर म्हणाली थंडीत कमी असतात. कमी म्हणजे किती, ते सांगेना.

धडधाकट माणूस म्हणून न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, माझ्या दुकानातून संडासापर्यंत जायला मला दोनदा बसावं लागतं, मी कसला येतो तुझ्याबरोबर, मी इथूनच उंटावरून शेळ्या हाकीन. बोलून गेला आणि वस्तरा पुसत बसला. माझ्या मुलाला तो लहानपणापासून उंट म्हणायचा. उंच, मान पुढे काढून चालणारा, आणि पाणी अगदी कमी प्यायचा म्हणून. आता उंट हा शब्द तोंडात आला की दोघांनाही काही सुचत नाही.

संध्याकाळी सूनबाईला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करते, घरी आल्यावरही बोटांना पांढरी पूड असते. ती हात धूत होती. मला वाटलं ओरडेल. तिने नळ बंद केला आणि विचारलं, कधी? मी म्हटलं, फेब्रुवारीत. ती म्हणाली, मी येईन, एकटे जायचं नाही. मला इतकं हलकं वाटलं की चहात साखर दोनदा घातली.

पण एक गोष्ट खटकली. ती का येते, ते तिने सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही.

१५ जानेवारी

जिन्याचा सराव चालू केला. चार मजले वर, चार खाली. तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका दार उघडून बघते आणि दर वेळी विचारते, काही विसरलात का? तिला काय सांगू.

बुटांचा प्रश्न होता. नवे बूट लागतात, फोड येतात. म्हणून अभयारण्याच्या कचेरीने दिलेली मुलाच्या वस्तूंची पिशवी कपाटावरून काढली. इतके महिने उघडली नव्हती. त्यात त्याचे बूट आहेत, पट्टा आहे, रुमाल आहे. बूट मला एका मापाने मोठे, पुढे कापूस कोंबला की बसतात. चांगले बूट आहेत. तळ अजून नव्यासारखे, फार वापरलेच नाहीत. ते सापडले तेव्हा पायांत नव्हते, खडकाखाली शेजारी शेजारी ठेवलेले होते, मोजे गुंडाळून आत. पाय सुजले असतील बिचाऱ्याचे.

ते घालून स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई पाठमोरी होती. बुटांचा आवाज ऐकून वळली, माझ्या पायांकडे बघितलं आणि न्हाणीघरात गेली. आतून नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काढू का? म्हणाली, नको, तुम्हाला बसतायत ना, मग घाला.

१८ जानेवारी

पाण्याच्या बाटल्या शोधत होतो. वरच्या फळीवर मुलाच्या मोठ्या दोन बाटल्या मिळाल्या, धुऊन, फडक्यावर पालथ्या घातलेल्या, टोपणं बाजूला. आतून कोरड्या ठाक. म्हणजे त्या दिवशी त्याने त्या नेल्याच नाहीत. टोपीही दाराच्या मागेच टांगलेली आहे.

लहानपणापासून विसरभोळा. शाळेत दप्तर विसरून जायचा. पण वाळवंटात जाताना पाणी विसरायचं म्हणजे कमाल झाली. फाटकावरच्या माणसाने बघायला नको होतं का, ह्याच्याकडे पाणी आहे की नाही? हेही जबाबात सांगणार.

डोकं कुठे असतं ह्या पोरांचं कळत नाही. आदला महिनाभर झोप नव्हती त्याला, पहाटे उठून बसलेला असायचा. कामावर जाणं बंद केलं होतं. डॉक्टर गोळ्या देत होता. आणि त्या सकाळी मात्र कसा टवटवीत. स्वयंपाकघरातला नळ सहा महिने ठिबकत होता, तो जायच्या आधी दुरुस्त केला. फळीचे स्क्रू आवळले. माझी नखं कापून दिली. मी म्हटलं, आज काय विशेष? हसला. इतकी घराची काळजी असलेला मुलगा वाट चुकून मरतो, म्हणजे कोणाचा तरी गुन्हा असणारच.

२५ जानेवारी

वाळूवर चालायची सवय पाहिजे, असं न्हाव्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. आमच्या गल्लीच्या टोकाला इमारत चढतेय, तिथे वाळूचा मोठा ढीग आहे. सकाळी पाठीवर भरलेल्या बाटल्या घेऊन त्यावर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. पाय पोटरीपर्यंत आत जातो. तिसऱ्या खेपेला खालचा राखणदार काठी घेऊन आला. त्याला वाटलं मी बुटांतून वाळू चोरतो. त्याला खरं सांगितलं, म्हटलं वाळवंटात जायचंय, सराव करतो. त्याने काठी खाली घेतली आणि म्हणाला, आजोबा, घरी कोणी आहे का तुमच्या?

सूनबाईला बोलावून आणलं त्याने. ती दुकानाचा अंगरखा घालून आली. मी ढिगाच्या माथ्यावर बसलेलो, बूट वाळूने भरलेले. वाटलं आता शोभा होणार. ती राखणदाराला म्हणाली, चढू द्या त्यांना रोज अर्धा तास, वाळू पसरली तर मी संध्याकाळी येऊन ओढून देईन. आणि खरंच आली, फावडं घेऊन.

न्हाव्याने ऐकलं तेव्हा म्हणाला, लोकांच्या म्हातारपणी पायाखालची वाळू आपोआप सरकते, तुला तिच्यासाठी शिकवणी लावावी लागते.

बऱ्याच दिवसांनी सूनबाई हसली. हसताना तिचा एक दात किंचित पुढे आहे तो दिसतो. मुलगा तिला त्यावरून चिडवायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरने चिठ्ठी दिली, नाराजीने. दाब जास्त आहे, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या खुर्चीत बसलं की वाढतो. घरी न्हाव्याच्या खुर्चीत ठीक असतो.

न्हाव्याकडे दाढीला बसलो आणि खाणीचा विषय निघाला. तोही तिथलाच, खाणीच्या वसाहतीत दुकान होतं त्याचं. मी तिथे बिल्लेवाला होतो. आता कोणाला कळणार नाही म्हणून लिहितो. फाटकाशी एक लाकडी बोर्ड, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. खाली उतरणारा आपला बिल्ला खिशात घालायचा, वर आला की परत टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. पाळी सुटली की मी बोर्डावर बोट फिरवायचो. सगळे खिळे भरलेले असले की मोठ्याने म्हणायचं, “सगळे वर”. ते म्हटल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, मुकादमसुद्धा नाही. बायका फाटकाबाहेर उभ्या असायच्या, त्या शब्दाला कान लावून.

अभयारण्यातही हीच पद्धत आहे. आत जाणाऱ्याला बिल्ला, आल्यावर बोर्डावर. म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात जाते. तीस वर्षं मी जे काम केलं त्यात एकदाही खिळा चुकला नाही, आणि ह्या माणसाने माझ्याच मुलाचा चुकवावा? म्हणतो काय तर बोर्ड भरलेला होता. भरलेला कसा असेल? बिल्ला काय चालत येऊन बसला?

न्हावी म्हणाला, तुझा शेवटचा दिवस आठवतो का? आठवतो. आमच्या खाणीत एक रीत होती, दुसरीकडे कुठे नव्हती. काम कायमचं सोडून जाणारा आपला बिल्ला फिरवून टांगायचा, नंबर भिंतीकडे. म्हणजे ह्याची वाट बघू नका, घरी माणूस पाठवू नका, नंबर नव्या माणसाला द्या. कोणी भांडून जायचा, कोणाला रडू यायचं, तोंडाने बोलायला नको म्हणून ही रीत. मी निवृत्त झालो तेव्हा माझा हात इतका थरथरला की बिल्ला खिळ्यावर बसेना. मुलगा न्यायला आला होता. उंटच तो, माझ्या डोक्यावरून हात घालून त्यानेच फिरवून टांगला. म्हणाला, चला बाबा, सुटलात.

न्हावी म्हणाला, मान हलवू नकोस, वस्तरा आहे.

१३ फेब्रुवारी

गुडघा सुजला. वाळूचा ढीग दोन दिवस बंद. पडल्या पडल्या जबाब घोकत होतो, मोठ्याने. सूनबाई कामावरून आली, दारात उभी राहून ऐकत होती, मला कळलं नाही. मग आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. कधी बसत नाही.

“बाबा, तक्रार मागे घ्या.”

मी म्हटलं, का?

“त्या माणसाला दोन मुली आहेत.”

“मला एक मुलगा होता.”

ती बोटांवरची पूड दुसऱ्या हाताच्या बोटांनी पुसत राहिली. मग म्हणाली, “तो चुकला नव्हता, बाबा.”

मी विचारलं, कोण, फाटकवाला? आणि तुला काय माहीत, तू बघायला गेली होतीस? ती उठून गेली. तिचं मन मऊ आहे. असं मऊ मन असलं की लोक डोक्यावर बसतात. तिला आधीच फसवलं गेलंय. मुलगा तिला सांगून गेला होता की कामासाठी बाहेरगावी जातो, तिसऱ्या दिवशी येईन, फोन लागला नाही तर काळजी करू नको. चालायला जातो म्हटलं असतं तर तिने सोबत जायचा हट्ट धरला असता, म्हणून थाप मारली असेल. तिला कळलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी फोन केला असता. ह्या थापेचं तिला इतकं लागलंय की त्याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

२५ फेब्रुवारी

उद्या. पहाटेची बस. पिशवी तीनदा भरली, तीनदा काढली. उकडलेली अंडी, खजूर, मीठ, पायांना पट्टी, शिट्टी, दोरी. दोरी कशाला, सूनबाईने विचारलं. मलाही सांगता येईना. ठेवली.

पाण्याच्या बाटल्या मुलाच्याच घेतल्या. पण तिने मला भरू दिल्या नाहीत, स्वतः भरल्या, काठोकाठ, आणि टोपणं इतकी घट्ट आवळली की आता मला उघडणार नाहीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आलो. हात थकलेत पण आज लिहिलं नाही तर उद्या लिहिणार नाही.

फाटक म्हणजे एक पत्र्याची खोली, पुढे पडवी, पडवीच्या भिंतीवर बोर्ड. तिथे आता एक तरुण बाई असते. बोर्ड बघितला. खिळे सरळ, बिल्ले पुसलेले. कामात खोट काढायला जागा नव्हती, ह्याचा रागच आला. एक खिळा रिकामा होता. मी विचारलं, कोणी आत आहे का? ती म्हणाली, नाही, तो नंबर आम्ही देत नाही. मला समजलं. पुढे विचारलं नाही. बोर्ड पडवीत उघड्यावर आहे, सहलीची बस आली की तिथे गर्दी उसळते, कोणीही येऊन कुठलाही बिल्ला टांगू शकतं. हे साहेबांना सांगायचं म्हणून मनात धरलं.

चालायला लागलो. वाट म्हणजे दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड. चढ नाही, उतार नाही, फक्त लांब. सकाळचं ऊन बरं होतं, मग सावली पायाखाली आली आणि डोकं तापलं. सूनबाई पुढे, दर थोड्या वेळाने थांबून बाटली उघडून देत होती. मी किती वेळा बसलो ते लिहीत नाही. दुपार होता होता तो खडक आला. छत्रीसारखा, खाली मऊ वाळू, गार सावली. मला वाटत होतं जागा भयंकर असेल. चांगली जागा आहे. कोणालाही बसावंसं वाटेल.

मी खाली बसलो आणि वर बघितलं, तर समोर फाटकाचं छप्पर. लांब आहे, पण चमकतं, आरशासारखं. शेजारी निशाण. चुन्याचे दगड थेट तिथपर्यंत जाताना दिसतात. लहान मूलसुद्धा चुकणार नाही.

मग वाट कशी चुकला? ऊन डोळ्यांवर आलं असेल. चक्कर आली असेल. मी सूनबाईला म्हटलं, त्या दिवशी धूळ असेल, छप्पर दिसत नसेल. ती खडकाला हात लावून उभी होती, डोळे मिटून. आम्ही अंडी खाल्ली नाहीत, तशीच परत आणली.

परत येताना अर्ध्या वाटेवर एक माणूस बादली घेऊन दगडांना चुना लावत होता. पन्नाशीचा, डोक्याला फडकं. सूनबाई त्याला बघून एकदम थांबली. त्यानेही ब्रश बादलीत ठेवला. तिने मला हळूच सांगितलं, हाच तो फाटकवाला, पिशवी घ्यायला गेले तेव्हा बघितला होता. चौकशी संपेपर्यंत त्याला इथे लावलंय.

वर्षभर मी त्याला मनात काय काय बोललो होतो. त्याने आपली पाण्याची कळशी पुढे केली. मी घेतली नाही. मग घेतली. एका खुरट्या झाडाखाली तिघे बसलो. तो म्हणाला, त्याने माझ्या मुलाच्या हातात स्वतः बिल्ला दिला होता, आणि संध्याकाळी तो बोर्डावर होता. हे त्याने सगळ्यांना सांगितलंय. रडला नाही, पाया पडला नाही. एवढंच म्हणाला, मी बोट लावून बघितला एकेक, आजोबा.

बोट लावून. तेव्हा माझ्यातला बिल्लेवाला बोलला, मी नाही.

“कसा टांगलेला होता?”

तो दचकला. चुन्याने पांढरे झालेले हात त्याने फडक्याला पुसले. मग म्हणाला, हे साहेबांना सांगितलेलं नाही, कारण बिल्ल्याला हात लावला म्हटलं तर मीच टांगला असं ठरवतील. तुम्ही सांगणार असाल तर सांगा.

“उलटा होता. नंबर भिंतीकडे. मला वाटलं वाऱ्याने फिरला, म्हणून सरळ केला.”

मी विचारलं, वारा होता त्या दिवशी?

“नव्हता,” तो म्हणाला. “तेच नंतर आठवत राहतं.”

मी उठलो. बाकीची वाट चाललो. कशी चाललो ते आठवत नाही. फाटकावर माझा बिल्ला टांगताना हात थरथरला, तर सूनबाईने माझ्या हातातून घेऊन टांगला. मी तिला म्हटलं, नंबर बाहेर कर. बाहेरच आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, नीट बघ.

१ मार्च

तीन दिवस पलंगावर. पायाला फोड आहेत असं सगळ्यांना सांगितलंय. फोड आहेतही.

न्हावी वर आला, चार मजले चढून, दोन ठिकाणी बसून. त्याला सांगितलं. वाटी, साबण, ब्रश घेऊन आला होता, पलंगावरच माझी दाढी केली. करताना एकदाच म्हणाला, तो बिल्ला जगात दोनच माणसांना वाचता आला असता, एक तू आणि एक मी. दोघंही त्या दिवशी इथे गप्पा मारत बसलो होतो.

वाट बघू नका. घरी माणूस पाठवू नका.

ते मला सांगितलं होतं. ऐकायला तिथे मी नव्हतो.

५ मार्च

सूनबाईला विचारलं, तुला माहीत होतं का? ती दुकानातून आणलेल्या चष्म्याच्या चौकटी पुसत होती. म्हणाली, बाटल्या पालथ्या घातलेल्या बघितल्या तेव्हा कळलं. मी म्हटलं, मग मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, तुम्ही त्या फाटकवाल्याला शिव्या देत होतात तोवर रोज उठत होतात, बाबा. तेवढ्यासाठी.

म्हणजे हिने त्या माणसाची नोकरी माझ्यासाठी पणाला लागू दिली, आणि ते तिला सलत होतं. आणि मी तिला मऊ म्हणत होतो.

१० मार्च

जबाब झाला. साहेब तरुण, सभ्य. मी म्हटलं, तक्रार मागे घेतो, फाटकवाल्याची चूक नाही. बिल्ला माझ्या मुलाने स्वतः टांगला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, बापाला मुलाचं अक्षर कळतं. ते म्हणाले, बिल्ल्यावर अक्षर नसतं, काका. मी म्हटलं, नसतं.

फाटकवाल्याने बिल्ला सरळ केला ते मी सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी.

मग त्यांनी विचारलं, बिल्ला टांगून तो आत का जाईल? ह्याचं उत्तर मी घोकलेलं नव्हतं. सूनबाईने दिलं. दोन वाक्यांत दिलं, आवाज न बदलता. ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

१६ मार्च, रविवार

आज वर्ष झालं. मीच म्हटलं, जाऊ. दोघं गेलो.

फाटकावर तोच माणूस, परत आपल्या जागी. मला बघून उभा राहिला. मी बोर्डावरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. त्याने टेबलाच्या खणातून तो बिल्ला काढला, फडक्यात गुंडाळलेला होता. म्हणाला, कोणाला द्यायला हात होत नाही. मी त्याला रीत सांगितली, की फिरवलेला नंबर अडवून ठेवायचा नसतो, नव्या माणसाला द्यायचा असतो. आजच्या दिवस मला दे, उद्यापासून कोणालाही दे.

बिल्ला छातीच्या खिशात घातला. खडकापर्यंत गेलो. गुडघ्यांनी फार त्रास दिला नाही, वाळूच्या ढिगाची मेहनत कामी आली म्हणायची. खडकाखाली बूट काढून बसलो. मग परत घातले. ते घालायलाच वेळ लागला, सूनबाईने नाड्या बांधल्या. समोर छप्पर चमकत होतं. ते बघत बघत परत आलो. परत येताना ते सबंध वाटभर दिसतं.

बिल्ला मी स्वतः टांगला. आज हात थरथरला नाही. नंबर बाहेर.

कुलपाची वेळ झाली तशी फाटकवाला म्हणाला, आजोबा, आज तुम्ही बघता का बोर्ड? मी चष्मा लावला आणि वरच्या ओळीपासून बोट फिरवलं, एकेका खिळ्यावरून. सगळे भरलेले. मग जे म्हणायचं असतं ते म्हटलं, मोठ्याने, बाहेर बायका उभ्या असल्यासारखं. सगळे वर. खरं नव्हतं ते. पण कोणीतरी म्हणावंच लागतं, नाहीतर पाळी सुटत नाही.

बसमध्ये सूनबाईने विचारलं, तुम्ही ओरडलात काय ते? मी सांगितलं. खाणीतला शब्द आहे, म्हणजे जे थांबलेत त्यांनी आता घरी जायला हरकत नाही.

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, “चला मग.”

बस केव्हाच निघालेली होती.